हळद, काजळ आणि गॅरेजमधली गाडी

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाच्या यजमानांनी एखाद्या रविवारी स्कूटरचा कार्बोरेटर उघडून स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडला असेल, तर ती बाई माझं दुःख ताबडतोब ओळखेल. आमच्याकडे मात्र स्कूटर नव्हे, सबंध मोटार उघडून ठेवलेली होती, आणि एक रविवार नव्हे, चांगली पाच वर्षं.

आम्ही राहतो अमेरिकेत, मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उत्तरेला. हा सगळा मुलूख मोटारींचा. २०१९च्या ऑक्टोबरात ह्यांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारातून १९६६ सालची पाँटिॲक जीटीओ घरी आणली. आणली म्हणजे काय, दुसऱ्या गाडीवर घालून आणली. तिची स्वतःची चाकंसुद्धा फिरत नव्हती. किंमत ११,००० डॉलर. मी स्वयंपाकघराचे ओटे बदलायला म्हणून बाजूला ठेवलेले पैसे ते हेच, बरं का.

"अहो, हिच्यात आहे तरी काय?" मी विचारलं. तेव्हा ह्यांचा चेहरा असा उजळला, की मुलगी झाली तेव्हाच काय तो तेवढा उजळला असेल. कोल्हापूरला शाळेत असताना ह्यांना रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी मासिक मिळालं होतं. त्यात ह्या गाडीचं चित्र होतं. ते चित्र ह्यांनी दहावीपर्यंत भूगोलाच्या वहीत जपलं होतं.

मग मला तिची सगळी कुळकथा ऐकावी लागली. जनरल मोटर्सचा तेव्हा असा नियम होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिॲक विभागातल्या जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. १९६४च्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घन इंचांचं इंजिन त्यांनी "हवं असल्यास जादा पैसे भरून घ्या" अशा सोयीच्या नावाखाली बसवलं. नियम गाडीला होता, जादा सोयीला नव्हता! गाडी तुफान खपली आणि तिचं पाहून सगळ्यांनीच दांडगी इंजिनं घातलेल्या गाड्या काढल्या. त्यांनाच मसल कार म्हणतात. ३८९ घन इंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर. आपल्या मारुती ८००ची आठ इंजिनं एकत्र केली, तर हिचं एक होईल. पुढे विम्याचे वाढते दर, धुराचे कायदे आणि १९७३ची तेलटंचाई ह्यांनी ह्या गाड्यांची हौस संपवली. पाँटिॲक हे नावसुद्धा २०१० साली बंद झालं.

एवढी कीर्ती, पण आमच्या वाट्याला आली ती गंजाचं पोतं. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. पन्नास वर्षं मीठ खाल्लेला पत्रा तो! आतला गालिचा उचलला, तर खालची फरशी दिसली. मी म्हटलं, "बरं झालं, केर काढायला सोपी."

हसण्यावारी नेत होते तोपर्यंत ठीक होतं. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

आमचं गॅरेज घराला लागूनच आहे. गॅरेजचं दार उघडलं की दोन पायऱ्या, मग कपडे धुण्याचं यंत्र आणि पुढे स्वयंपाकघर. रविवारी सकाळी मी इथल्या मराठी शाळेत शिकवायला जाते. त्या तीन तासांत छोटी ह्यांच्याकडे. २०२१च्या हिवाळ्यात ह्यांनी गाडीचा जुना रंग घासायला काढला. बाहेर उणे दहा, म्हणून गॅरेजचं मोठं दार बंद. आणि छोटी रडली तर ऐकू यावं, म्हणून घराकडचं दार किंचित उघडं. दाराशीच तिची चटई, खेळणी. बाप लक्ष ठेवून होता, हे मी आजही सांगेन.

२०२२च्या जानेवारीत छोटीला दोन वर्षं पूर्ण झाली. नेहमीच्या तपासणीत बोट टोचून रक्त घेतलं. चार दिवसांनी दवाखान्यातून फोन: रक्तात शिसं दिसतंय, पुन्हा नीट तपासू. दुसऱ्या खेपेला शिरेतून रक्त घ्यायचं होतं. मी तिचे पाय धरले होते, परिचारिकेने हात. ते रडणं मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आकडा आला ६, म्हणजे एक डेसिलिटर रक्तात ६ मायक्रोग्रॅम. इथे ३.५च्या वर गेलं की काळजी घ्या म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, की हा आकडा औषध देण्याइतका मोठा नाही. पण शिसं लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला बाधतं, आणि अमुक इतकं चालेल अशी सुरक्षित मर्यादा कुणाला सापडलेली नाही. ते येतं कुठून हे शोधा आणि थांबवा.

मग आरोग्य खात्याच्या परिचारिकेचा फोन आला. प्रश्न ऐका: मसाले भारतातून आणता का? हळद कुठली? मुलीला काजळ घालता का? कुंकू, शेंदूर, घरगुती औषधं, पितळेची भांडी?

मी एकेकाचं उत्तर देत गेले आणि आतून विरघळत गेले. हळद माझ्या आईने सांगलीहून पाठवलेली. काजळ तिनेच एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. परिचारिकेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात शिशाचा पिवळा रंग मिसळतात. बांगलादेशातल्या हळदीत तो असल्याचं संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिलं आहे. बाजारच्या सुरम्यात आणि शेंदरातही शिसं सापडतं. विचारायलाच हवं होतं. पण मैत्रिणींनो, अर्धा तास चाललेल्या त्या फोनमध्ये सगळे प्रश्न माझ्या स्वयंपाकघरातले आणि माझ्या फणेरपेटीतले. गॅरेजचं नाव कुणी काढलं नाही. कबूल करते, मलाही सुचलं नाही. त्या रात्री मी आईची अर्धा किलो हळद कचऱ्यात ओतली, काजळाची डबी फेकली आणि आईला फोन करून नको ते बोलले. ती एवढंच म्हणाली, "अगं, हळकुंडं मी स्वतः दळून आणलीत." आणि गप्प झाली.

नशीब, की चिमूटभर हळद एका बरणीत उरली होती. ती आणि घरातल्या धुळीचे पाच-सहा नमुने (ओलसर फडक्याने ठराविक जागा पुसून डबीत घालायची) आम्ही प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आलं: हळदीत काही नाही. स्वयंपाकघराच्या जमिनीवर नगण्य. कपड्यांच्या यंत्राच्या झाकणावर बरंच. गॅरेजच्या पायरीवर आणि छोटीच्या चटईखाली सगळ्यांत जास्त.

त्या काळी मोटारीचं छप्पर आणि मागचा पत्रा जिथे जुळतात, तो सांधा कारखान्यात शिसं आणि कथील वितळवून भरत आणि कानशीने सपाट करत. जुन्या रंगांतही शिसं असे. ह्यांनी सांधा नि रंग दोन्ही यंत्राने कोरडेच घासले होते. स्वतः तोंडाला मुखवटा लावून! मग त्याच कपड्यांनी आत येऊन छोटीला कडेवर घेतलं होतं.

कागद वाचून हे गॅरेजच्या पायरीवर बसले ते तासभर उठले नाहीत. मग म्हणाले, "विकून टाकतो." मी भांडायला पदर खोचून उभी होते, पण ते ऐकून माझ्याच्याने भांडवेना. आणि खरं सांगू? गाडी विकली तरी धूळ घरातच राहणार होती.

मग आधी धूळ काढली. ह्यातली मेख अशी, की शिशाच्या धुळीला कोरडा झाडू लावायचा नाही. झाडूने आणि साध्या व्हॅक्यूमने ती उडून पुन्हा बसते. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं टाकून द्यायचं, किंवा अतिसूक्ष्म धूळ धरणाऱ्या खास गाळणीचं यंत्र आणायचं. चटई फेकली. कामाचे कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुणं बंद. गॅरेजचे जोडे गॅरेजात, आणि अंघोळ झाल्याशिवाय मुलीला हात लावायचा नाही. जुनी सोवळ्याची शिस्तच म्हणा ना! छोटीच्या पोटात लोह आणि कॅल्शियम भरपूर जावं, म्हणजे शिसं कमी शोषलं जातं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणून नाचणीची खीर आणि लिंबू पिळलेली मसुराची आमटी सुरू केली. गाडीचा सांगाडा रंग उतरवण्याची सोय असलेल्या कारखान्यात पाठवला. त्यात उरलेले ओट्याचे पैसेही गेले.

तुमच्याकडे शिशाच्या सांध्यांची मोटार नसेल, पण जुनी दारं-खिडक्या असतीलच. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७च्या नोव्हेंबरात. त्याआधीचा रंग दिवाळीच्या साफसफाईत पॉलिश पेपरने कोरडा घासायला काढलात, तर पोरंबाळं तिथून हलवा आणि पाणी मारून घासा.

तीन महिन्यांनी आकडा ४ झाला. वर्षाने २. त्या दिवशी मी आईला फोन केला. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

गाडीत मी हात घातला तो त्यानंतर. सांगाडा परत आल्यावर सीटचं काम निघालं. तयार कव्हरं मिळतात, अगदी जुन्या नमुन्यासारखी. पण बसवणाऱ्याची मजुरी ऐकून मी म्हटलं, शिवणाच्या परीक्षेत पहिली आलेय, मी बघते. कव्हराच्या आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीतून तार ओवलेली असते. थेट परकराचा नेफा आणि नाडी! ती तार सीटच्या सांगाड्याला लहान लहान कड्यांनी आवळायची, खास पकडीने. मधून सुरुवात करायची आणि दोन्ही बाजूंना सारखं ओढत जायचं, नाहीतर चुणी पडते. रेक्झिन आधी उन्हात तापवलं की मऊ होतं, हे ह्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या सीटला मला चार दिवस लागले आणि दोन नखं गेली. दुसरी दीड दिवसात झाली.

एका बाबतीत मात्र मी हटून बसले. त्या काळच्या ह्या गाडीच्या ब्रेकचं तेल एकाच नळीवाटे चारी चाकांना जातं. कुठे एक गळती झाली की चारी ब्रेक गेले. १९६७पासून ते दोन भागांत करू लागले. ह्यांचे गाडीवाले मित्र म्हणाले, बदललंत तर अस्सलपणा जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. मुलगी मागे बसणार आहे. बदलले.

२०२४च्या जूनमध्ये इंजिन सुरू झालं. भिंतीवरचे पान्हे थरथरले, शेजारची कुत्री भुंकायला लागली. छोटी कानांवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, हिला खोकला झालाय." ह्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही, पण धुराने.

त्या वर्षी दसऱ्याला आई आली होती. गाडीला झेंडूची माळ घालून मी तबक आणलं. आईने कमरेचा पुडा सोडला. सांगलीची हळद, ह्या खेपेलाही स्वतः दळून आणलेली. चिमूट हातात घेऊन ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "हिला तरी चालेल ना गं माझी हळद?"

मी मान खाली घातली. तिने गाडीच्या नव्याकोऱ्या निळ्या रंगावर हळदीची पाच बोटं ठसठशीत ओढली. ह्यांचा जीव रंगापायी वरखाली होत होता, पण तोंडातून ब्र काढला नाही.