विद्युतदाब न वाढवता

घड्याळाचे काटे पुढे सरकवल्याने दिवस लवकर मावळत नाही. संगणकातील ग्राफिक्स कार्डाचे मात्र निराळे आहे. तेथे घड्याळ काळ मोजत बसत नाही, ते काम हाकते. एका ठोक्याला निघालेला संकेत ट्रान्झिस्टरांच्या रांगांतून वाट काढीत पुढचा ठोका पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचला पाहिजे, एवढीच त्याची अट. हे ठोके कारखान्याने ठरविल्यापेक्षा जलद पाडणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण वास्तुशिल्पकारांसाठी न बांधलेल्या इमारतींची चलचित्रे तयार करतो. त्याच्यापाशी लॅमिंग्टन रोडवरून आणलेले जुने जीटीएक्स १०६० कार्ड आहे, २०१६ साली बाजारात आलेले. एकेका कामाला बारा-बारा तास लागतात. आईचे औषधपाणी आणि धाकट्या बहिणीची फी याच कार्डावर चालते. सेमिनरीत जाण्यापूर्वी मी भौतिकशास्त्राचा पदवीधर झालो होतो, हे त्याला कोणीतरी सांगितले असावे. "फादर, व्होल्टेजला हात न लावता स्पीड वाढवला तर कार्ड जळेल का?" त्याने विचारले.

प्रश्न भाबडा नव्हता. चिपला लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नुसता वेग दहा टक्क्यांनी वाढवला, तर चिपमधील उलाढालीचा खर्च सुमारे दहा टक्के चढतो. दाबही तितकाच वाढवला, तर तोच तेहतीस टक्क्यांवर जातो. उष्णता त्याच हिशेबाने. म्हणून दाब जागच्या जागी ठेवणाऱ्याच्या हातून कार्ड जळण्याची भीती थोडी. "जळणार नाही, चुकेल," मी त्याला म्हणालो.

कारण दाब तोच असला म्हणजे ट्रान्झिस्टरांची चपळाईही तीच राहते. आपण फक्त त्यांचा अवधी कापतो. मग हा जादा वेग येतो कोठून? एकाच साच्यातल्या दोन चिपा सारख्या निपजत नाहीत. कारखानदार त्यांतल्या मंद चिपेचा, उन्हाळ्याचा, वार्धक्याचा विचार करून वेग बेताचा ठेवतो. चांगल्या चिपेच्या पदरी त्यामुळे काही शिल्लक उरते. (सेमिनरीत ॲरिस्टॉटलची 'क्षमता' शिकताना मला असे सुटसुटीत उदाहरण कोणी दिले असते, तर बरे झाले असते!) ती शिल्लक किती, हे कोणत्याही पत्रकात छापलेले नसते. पंचवीस-पंचवीस मेगाहर्ट्झने चढत जायचे, प्रत्येक पायरीवर कार्डाला तासभर राबवायचे आणि पडद्यावर रंगीत ठिपके उमटले किंवा ड्रायव्हर कोलमडला, की मागे यायचे.

स्मृतीचा वेग वाढविताना अधिक सावध राहावे लागते. या कार्डावरील जीडीडीआर५ स्मृतीत पाठवणीतील चूक ओळखून तीच माहिती पुन्हा पाठविण्याची सोय आहे. तेव्हा वेगाचा आकडा वाढलेला दिसतो, ठिपके दिसत नाहीत, आणि काम मात्र मंदावलेले असते. आकड्यावर भाळणाऱ्याला हे कळायला वेळ लागतो.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. शंभर मेगाहर्ट्झ म्हणजे सुमारे पाच-सहा टक्के. बारा तासांतून फार तर पाऊण तास वाचणार. उलट पहाटे तीन वाजता ड्रायव्हर कोसळला, तर उरलेली रात्र फुकट. शिवाय एखाद्या चित्रात भलताच ठिपका राहिला आणि तो गिऱ्हाईकाच्याच नजरेस पडला, तर? मुलगा थोडा हिरमुसला. खेळ खेळणाऱ्याने ही हौस जरूर करावी, त्याचा ठिपका क्षणात विरून जातो. पण ज्याच्या चित्राचे पैसे मोजले जातात त्याने करू नये, असे माझे मत पडले.

त्याने ते अर्धेच मानले. परीक्षा घेत घेत तो एकशे पन्नासपर्यंत पोहोचला, तेथे ठिपके दिसले, आणि मग पंचाहत्तरवर उतरून स्थिरावला. स्मृतीला त्याने हात लावला नाही. एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याखालची ती खोली तापली, की तेवढीही वाढ तो काढून टाकतो. परवा मिस्सानंतर भेटला, तेव्हा नव्या कार्डासाठी भिशी लावावी का, हे विचारीत होता.