पदवीधर शिक्षिका म्हणून माझं पहिलं वर्ष : एका शून्याची गोष्ट



परवा रात्री नव्याने रुजू झालेल्या एका मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, "अगं, सातवीच्या पोरांना साधा भागाकार येत नाही. मी पूर्णांक संख्या शिकवू कशा? आणि पाठ्यक्रम कधी पूर्ण करू?" तासभर बोललो तरी माझं सांगणं संपेना. कारण तिचा प्रश्न हा माझाही पहिल्या वर्षाचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर शोधताना माझ्या हातून एक चूक झाली होती. ती आज इथे लिहिते.

मी बी.एस्सी., बी.एड. टीईटीचा दुसरा पेपर पास झाले, मग 200 मार्कांची टेट दिली, पवित्र पोर्टलवर नाव आलं. बीड जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातली एक जिल्हा परिषद शाळा मिळाली. सहावी ते आठवी, विषय गणित आणि विज्ञान. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं, मानधन दरमहा 16,000 रुपये. घरी पेढे वाटले. 15 जून 2024 ला शाळा सुरू झाली, तेव्हा मी तालुक्याच्या गावाहून एसटीने फाट्यापर्यंत आणि तिथून तीन किलोमीटर चालत शाळेत पोहोचले. पिशवीत नवी टाचणवही, रंगीत खडू आणि बी.एड.ला केलेले तक्ते होते.

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक सांगितलाय. त्यात गणित-विज्ञानाला एक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषेला एक. आमच्या शाळेत त्या तिघांपैकी मी एकटी होते, बाकी दोन जागा रिकाम्या. मुख्याध्यापक सरांनी चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, सहावी ते आठवी आता तुमचीच." मला वाटलं, सर गमतीत म्हणाले. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक पाहिलं तेव्हा कळलं, ती गंमत नव्हती.

पहिल्या महिन्यात मी जे शिकले ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला 100 ग्रॅम आणि सहावीच्या पुढच्याला 150 ग्रॅम तांदूळ, तो हिशेब रोजच्या रोज वहीत. ऑनलाइन माहिती भरायची तर रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. एका वर्गाला स्वाध्याय देऊन दुसऱ्या वर्गात शिकवायचं आणि कान तिसऱ्या वर्गाकडे ठेवायचे. टाचणात '35 मिनिटे' लिहिलेलं असायचं, हातात 15 यायची.

तरी मी ठरवलं होतं, पाठ्यक्रम मागे पडू द्यायचा नाही. सातवीचं गणिताचं पुस्तक भौमितिक रचनांनी सुरू होतं. तो पाठ बरा गेला, मुलांना कंपास हाताळायला आवडलं. दुसरा पाठ पूर्णांक संख्यांचा गुणाकार-भागाकार. तिथे गाडी अडली. म्हणून मी दहा साध्या भागाकारांची चाचणी घेतली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं, एवढंच.

वह्या तपासताना एका वहीत 612 भागिले 6 याचं उत्तर 12 लिहिलेलं दिसलं. त्या मुलाला आपण गणेश म्हणू. मी त्याला फळ्याजवळ बोलावलं, तेच गणित करायला लावलं. त्याने पुन्हा 12 लिहिलं. दिवसभराची दमलेली होते. मी हसले आणि म्हणाले, "अरे, सातवीत आलास ना? चौथीतलं पोरगंसुद्धा सांगेल हे चुकलंय म्हणून." वर्ग हसला. गणेशही थोडासा हसला आणि जागेवर जाऊन बसला. मी पुढच्या गणिताकडे वळले. माझ्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

दुसऱ्या दिवशी गणेश आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी हजेरीत गैरहजर मांडत राहिले. पाचव्या दिवशी पहिलीच्या वर्गाच्या बाई, ज्यांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणतं आणि ज्यांना निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती, त्या मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसल्या. "गणेशची वही आहे का गं?" मी दिली. त्यांनी चष्मा लावून दहाही गणितं पाहिली आणि विचारलं, "किती बरोबर आहेत?"

मला सांगता येईना. मी चुकांभोवती लाल गोल केले होते, बरोबर किती ते मोजलंच नव्हतं.

बाईंनी मोजलं. सहा बरोबर, चार चूक. मग चार चुका एकाखाली एक लिहिल्या. 612 भागिले 6, उत्तर 12. 824 भागिले 8, उत्तर 13. 535 भागिले 5, उत्तर 17. 749 भागिले 7, उत्तर 17. "आता बघ," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं आणि माझे कान गरम झाले. चारही उत्तरांत मधलं शून्य नव्हतं. 102, 103, 107, 107 अशी उत्तरं हवी होती. 848 भागिले 4, 936 भागिले 4 असली गणितं त्याने अचूक केली होती. त्याला भाग लावता येत होता, पाढे येत होते, वजाबाकी येत होती. 'भाग जात नाही तेव्हा वरती शून्य मांडायचं' ही एकच पायरी त्याच्याकडे नव्हती. ती चौथीत ज्या दिवसांत शिकवली गेली असेल, त्या दिवसांत तो कुठे होता?

ते मोठ्या बाईंनीच सांगितलं. दिवाळी झाली की आमच्या गावातली अर्धी घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता कारखान्यावर जातो आणि उन्हाळा तोंडावर आला की परततो. तिसरी-चौथीत गणेश आईबापाबरोबर जात होता. तो शाळेत नव्हता तेव्हाच ते शून्य शिकवून झालं होतं.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. आई चुलीपुढे होती. तिने बसायला पोतं टाकलं आणि म्हणाली, "बाई, त्यो म्हणतोय आता शाळंत नाही जायाचं. बाई हासल्या म्हणं." रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली. मग वडील म्हणाले, "शाळंत काही येत नसंल तर येऊ द्या कोयत्यावर. तेवढाच हात लागंल."

मित्रहो, तेव्हा मला माझ्या हसण्याची किंमत कळली. शहरातल्या मुलाला बाई हसल्या तर ते मूल घरी जाऊन रडेल आणि दुसऱ्या दिवशी आई डबा भरून शाळेत पाठवेल. इथे शाळा आणि फड यांच्यामध्ये एक बारीक धागा होता, आणि त्याला मी हात लावला होता.

मी त्याच्या आईवडिलांसमोर गणेशला म्हणाले, "माझं चुकलं. तुझी सहा गणितं बरोबर होती, मी ती पाहिलीच नाहीत. आणि राहिलेल्या चारांत तुझी चूक एकच आहे. ती आपण एका दिवसात काढू." तो काही बोलला नाही. पण 'एकच' म्हटल्यावर त्याने मान वर केली. सोमवारी तो आला. वर्गात मी हसले होते, म्हणून वर्गातही मी ते पुन्हा सांगितलं.

मग भागाकार फळ्यावर न शिकवता खेळातल्या नोटांनी घेतला. सहा मुलं गोल बसवली. 612 रुपये म्हणजे शंभराच्या सहा नोटा, दहाची एक आणि रुपयाची दोन नाणी. शंभराच्या नोटा प्रत्येकाला एकेक मिळाल्या. आता दहाची एक नोट सहा जणांत कशी वाटायची? "नाही वाटता येत, सुटे करा," मुलंच म्हणाली. मग दहाची नोट कुणाला मिळाली? कुणालाच नाही. जे मिळालं नाही ते शून्य. सुटे केले, बारा रुपये झाले, प्रत्येकाला दोन मिळाले. एकशे दोन. मी विचारलं, "आणि प्रत्येकाला बाराच रुपये दिले असते तर?" गणेशच म्हणाला, "मग साही बारे बहात्तरच वाटले. बाकीचे पैशे मुकादमानं खाल्ले." या वेळी वर्ग हसला तेव्हा तोही मोकळेपणाने हसला.

त्या दिवसापासून मी चाचणी तपासायची पद्धत बदलली. आधी बरोबर मोजायचं. मग चुका एकाखाली एक मांडून त्यांची जात ओळखायची. नमुना म्हणून सांगते. 402 वजा 178 याचं उत्तर 376 आलं, तर मुलाने प्रत्येक ठिकाणी लहान अंक मोठ्यातून वजा केलाय, वरचा-खालचा पाहिलेला नाही. एकोणपन्नास सांगितल्यावर 59 लिहिलं, तर त्याने 'पन्नास' ऐकून पुढे नऊ मांडलाय, 'एकोण' म्हणजे एक कमी हे त्याला कळलेलं नाही. ही मुलं ढ नाहीत. ती एका नियमाने चालतात, फक्त तो नियम चुकीचा आहे. नियम सापडला की शिकवायला दहा मिनिटं लागतात. नाही सापडला तर वर्षभर शिकवूनही उपयोग होत नाही.

रोज परिपाठानंतरची 20 मिनिटं आम्ही अशा चुकांसाठी ठेवली. सहावी, सातवी, आठवी एकत्र, इयत्तेप्रमाणे नाही तर चुकीप्रमाणे गट. पाठ्यक्रम मागे पडला का? हो, ऑक्टोबरपर्यंत पडला. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला त्याबद्दल विचारलंही गेलं. पण जानेवारीपासून तो भरून निघू लागला, कारण अडणाऱ्या जागा कमी झाल्या होत्या.

त्या वर्षी विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. निवडणुकीची ड्यूटी करून मी शाळेत परतले तर गाव निम्मं रिकामं झालेलं. गणेश आजीपाशी राहिला होता. पण आठवीतली एक मुलगी, तिला सीमा म्हणू, गेली होती. फडावर धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकरी थापायला कुणीतरी हवं होतं. तिच्या घरी मी तीनदा गेले होते. हंगामी वसतिगृहाची, दोन्ही वेळच्या जेवणाची सोय समजावून सांगितली होती. तिची आई म्हणाली, "बाई, जेवण मिळंल हो, पण रातच्याला पोरीला कुणाच्या भरोशावर ठेवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी शिक्षण हमी पत्रक भरून दिलं आणि दोन वह्या दिल्या. ती उन्हाळ्यात परतली तेव्हा एक वही कोरीच होती. दुसरीत उसाच्या खेपांचा हिशेब होता, तिच्या हातचा, बिनचूक. तिच्या वडिलांनी म्हणे त्या वहीवरून मुकादमाशी हिशेब केला. मला आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, ते आजही ठरवता येत नाही.

नव्याने रुजू होणाऱ्या माझ्या मैत्रिणीला म्हणूनच एवढं सांगेन. पहिल्या महिन्यात गावातल्या प्रत्येक घरी एकदा जा, पण तक्रार घेऊन जाऊ नकोस. शाळेतल्या सगळ्यात जुन्या बाईंजवळ मधल्या सुट्टीत बस. पाठ्यक्रमाची काळजी कर, पण आधी मुलाचं पाऊल कुठे अडतंय ते पाहा. आणि दमलेली असशील तेव्हा कुणालाही फळ्याजवळ बोलावू नकोस.

पालकांनाही एक विनंती. मुलाची वही उघडाल तेव्हा लाल गोल मोजण्याआधी बरोबरच्या खुणा मोजा आणि मुलाला तो आकडा मोठ्याने सांगा. चूक दिसली तर 'असं का केलंस?' हे खरोखर जाणून घ्यायला विचारा. मूल सांगतं.

गेल्या महिन्यात मी वर्गाबाहेर उभी होते. आत गणेश सहावीच्या एका मुलाला भागाकार शिकवत होता. तो मुलगा अडला होता. गणेश त्याला म्हणाला, "दहाची नोट वाटता येती का? नाही ना? मग शून्य मांड की. त्याला विसरलास तर हिशोबात मार खाशील." मी आत न जाता तशीच परत फिरले.