छातीवरचा बिल्ला

सभेची बातमी किती साधी असते. अमुक तारखेला, अमुक जागी, अमुक बाईंच्या अध्यक्षतेखाली सभा झाली. उपस्थिती चांगली होती, व्याख्यान उद्बोधक झालं, आभारप्रदर्शन झालं, चहापानानंतर कार्यक्रम संपला. माझ्या आईच्या महिला मंडळाची इतिवृत्ताची वही अशाच ओळींनी भरलेली होती. उभी, कापडी पाठीची, लाल रेघेच्या समासाची ती वही दुपारच्या कलत्या उन्हात उघडली की शाईचा आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांचा एकमेकांत मिसळलेला वास यायचा. वर्गणी, भरतकामाचा वर्ग, पूरग्रस्तांसाठी गोळा केलेले कपडे. लहानपणी त्या ओळी मला कोरड्या वाटायच्या. आता त्याच ओळींत ओल जाणवते, कारण संसाराच्या रगाड्यातून उठून, पदर खोचून, पाच-पंचवीस बायकांनी महिन्यातून एकदा एकमेकींशेजारी बसायचं ठरवलं आणि त्या खरोखरच बसत राहिल्या, हे त्या ओळी सांगत असतात.

हीच ओल मला फार दूरच्या एका शहराच्या जुन्या पानांत सापडली.

बॉस्टनमधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा एक क्लब होता, ‘वुमन्स एरा क्लब’. त्याच नावाचं त्यांचं मासिक पत्रही होतं. १८९४ च्या मार्चमध्ये त्याचा पहिला अंक निघाला. संपादक जोसेफिन सेंट पियर रफिन, आणि मदतीला त्यांची शिक्षिका लेक फ्लोरिडा. कृष्णवर्णीय स्त्रियांनी, कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी काढलेलं आणि देशभर पोचलेलं हे पहिलं पत्र. त्याची पानं चाळताना डोळ्यांपुढे एक खोली उभी राहते. खिडकीच्या काचेला थंडीचं धुकं, टेबलावर दिव्याचा पिवळा गोल, त्या गोलात सरकवलेले कागद आणि छापखान्याच्या शाईने काळवंडलेली दोन बोटं. शिकागोहून फॅनी बॅरियर विल्यम्सचं पत्र आलेलं आहे, वॉशिंग्टनहून मेरी चर्च टेरेलचं, न्यूयॉर्कहून व्हिक्टोरिया अर्ल मॅथ्यूजचं. नवी पुस्तकं, संगीत, स्वयंपाकघरातलं शास्त्र, वयात येणाऱ्या मुलींशी गप्पा, कुठल्या गावात कुठला नवा क्लब निघाला. घरगुती पत्रात असतं ते सगळं.

आणि त्याच पत्रात लिंचिंग.

मेम्फिसमध्ये १८९२ च्या मार्चमध्ये तीन कृष्णवर्णीय पुरुषांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. त्यांनी किराणा मालाचं दुकान काढलं होतं आणि ते चाललं होतं. आयडा बी. वेल्सने त्याविरुद्ध लेखणी उचलली तेव्हा तिच्या वृत्तपत्राचं कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आलं. ती त्या वेळी गावाबाहेर होती. बॉस्टनच्या या बायका वेल्सच्या पाठीशी उभ्या राहिल्या. स्वयंपाकाच्या सदरापासून पान उलटावं आणि जमावाच्या क्रौर्याविरुद्धचं आवाहन समोर यावं, हे मला पहिल्यांदा फार विचित्र वाटलं. मग हळूहळू उमगलं की त्या बायकांचा दिवसच तसा होता. मुलीच्या वेण्या घालायच्या, पियानोच्या कार्यक्रमाला जायचं, आणि दक्षिणेत राहणारा भाऊ आज सुखरूप आहे का या काळजीने टपालाची वाट पाहायची. या सगळ्याला वेगवेगळी पानं कुठून आणायची?

जोसेफिन बॉस्टनचीच. पण बॉस्टनच्या शाळांत वर्णभेद होता म्हणून आईवडिलांनी तिला शिकायला सेलमला पाठवलं; १८५५ मध्ये तो भेद उठला तेव्हा ती आपल्या गावच्या शाळेत परतली. स्वतःच्या गावात स्वतःची शाळा नसलेली ती मुलगी माझ्या मनातून जात नाही. सोळाव्या वर्षी लग्न झालं. नवरा जॉर्ज पुढे हार्वर्डच्या विधी महाविद्यालयातून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला, न्यायाधीश झाला, आणि १८८६ मध्ये गेला. पत्र काढलं ते त्यानंतरच्या वर्षांत.

१८९५ मध्ये मिसुरीतल्या पत्रकारांच्या संघटनेच्या अध्यक्षाने इंग्लंडमधल्या एका लिंचिंगविरोधी कार्यकर्तीला पत्र लिहिलं आणि साऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चारित्र्यावर चिखल उडवला. रफिनबाईंनी तो मजकूर छापला नाही. छापण्याच्या लायकीचाच नव्हता तो. त्यांनी त्याच्या प्रती गावोगावच्या क्लबांना धाडल्या आणि सगळ्यांना बॉस्टनला बोलावलं. जुलैच्या अखेरीस बर्कली हॉलमध्ये बायका जमल्या. अपमानाला उत्तर म्हणून सभा बोलवावी, खुर्च्या मांडाव्यात, विषयपत्रिका आखावी, यात एक विलक्षण धीर आहे. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला देशभरातल्या क्लबांचा संघ उभा राहिला. तिथे वृद्ध हॅरिएट टबमन आली होती, गुलामांना रात्रीच्या अंधारातून स्वातंत्र्याकडे घेऊन जाणारी. तिने वेल्सचं तान्हं बाळ उचलून सभेला दाखवलं. ते हात मला दिसतात.

बॉस्टन आपल्याला अगदीच परकं नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनासाठी पैसा उभा करणारी संस्था १८८७ च्या डिसेंबरमध्ये याच शहरात स्थापन झाली होती. रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या स्त्रियांच्या संस्थांचं त्यांना कोण कौतुक, पण रंगावरून माणसाला खाली ढकलणारी त्या देशाची वृत्तीही त्यांनी नजरेआड केली नाही. त्याच्या आधी, १८७३ मध्ये, पुण्यात बसून जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती ती गुलामीविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुण्यातल्या माणसाला मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातली वेदना इतकी ओळखीची वाटावी! आणि त्याहीपूर्वी, १८५२ च्या संक्रांतीला, सावित्रीबाईंनी महिला सेवा मंडळातर्फे तिळगुळाचा समारंभ केला. कोणत्याही जातीची बाई आली तरी सगळ्या एकाच जाजमावर बसतील, असं त्याच्या आमंत्रणातच लिहिलेलं होतं.

तिळगुळाचं आमंत्रण आणि त्यात जाजमाचा उल्लेख. पुन्हा तीच साधी, सभेची बातमी. पण त्या काळच्या पुण्यात ती वाचून किती घरांतल्या भुवया उंचावल्या असतील, आणि किती बायकांनी आमंत्रण दोनदा वाचवून घेतलं असेल.

संक्रांतीचं नाव निघालं की मला आजी आठवते. आमच्याकडे हळदीकुंकू असलं की ती माजघराच्या दारापलीकडे बसून ताटात तिळाच्या वड्या मोजायची. वड्या तिच्या हातच्या, वेलदोडा तिने कुटलेला, गुळाचा पाक तिने बोटांवर तार काढून पाहिलेला. पण आजोबा गेल्यापासून बैठकीत तिची जागा नव्हती. कुणी तिला ऊठ म्हणालं नव्हतं. कुठवर यायचं हे तिचं तिलाच ठाऊक होतं. तिचं दुःख आणि बॉस्टनच्या बाईंचं दुःख एका मापाने मोजता येणार नाही. कातडीच्या रंगासाठी माणसं मारली जाण्याची दहशत आजीने कधी पाहिली नव्हती. तरीही बाहेरच्या खोलीतला काचेच्या बांगड्यांचा किणकिणाट ऐकत खाली मान घालून वड्या मोजणारी ती मला आठवते, आणि मग मिलवॉकीची हकिगत मला वाचवत नाही, वाचल्याशिवाय राहवतही नाही.

जून १९००. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या क्लबांच्या महासंघाचं अधिवेशन. वुमन्स एरा क्लबला महासंघाने सदस्य करून घेतलं होतं. क्लब कृष्णवर्णीयांचा आहे हे कळल्यावर सूर बदलला. दक्षिणेतले क्लब बाहेर पडण्याची भाषा करू लागले. रफिनबाई गोऱ्या स्त्रियांच्या इतर संस्थांच्याही सभासद होत्या, तेव्हा त्यांच्या वतीने बसा, असं त्यांना सुचवण्यात आलं. म्हणजे दार उघडंच होतं. फक्त आपल्या माणसांचं नाव बाहेर ठेवून आत यायचं होतं. बाईंनी नकार दिला. कुणीतरी त्यांच्या छातीवरचा प्रतिनिधीचा बिल्ला ओढून काढू पाहिला, तोही त्यांनी काढू दिला नाही. सत्तावन्न वर्षांच्या त्या बाई. झग्याच्या कापडात रुतलेली टाचणी, त्यावर दाबून धरलेला तळवा, आणि भोवती टोप्यांच्या पिसांची, रेशमाची, कुजबुजीची गर्दी.

एकटीला मिळणारी खुर्ची किती मऊ असते! किती जणी बसल्या असत्या, आणि बसल्या म्हणून कुणी त्यांना नावंही ठेवली नसती. मला त्या नकाराचं मोठेपण वाटतं ते यासाठी की त्यामागे टेबलावरच्या दिव्याच्या गोलात घालवलेल्या सगळ्या संध्याकाळी होत्या, गावोगावहून आलेली पत्रं होती, आभारप्रदर्शनं होती, वर्गणीची नाणी होती. त्या सगळ्याजणी त्या बिल्ल्यात होत्या.

‘द वुमन्स एरा’ तोवर बंद पडलं होतं. १८९७ नंतर अंक निघाले नाहीत, त्यामुळे मिलवॉकीची बातमी दुसऱ्यांच्या वृत्तपत्रांनी दिली, त्यांच्या मथळ्यांनी, त्यांच्या सुरात. न निघालेल्या त्या अंकातलं कोपऱ्यातलं टिपण मी कितीदा तरी मनात जुळवलं आहे, संगीताच्या सदराखाली, मुलींशी गप्पांच्या वर, इतर बातम्यांच्याच लहान टायपात: क्लबच्या अध्यक्षा मिलवॉकीहून परतल्या, क्लबच्या नावाने बसू न दिल्यामुळे त्या बसल्या नाहीत, प्रवासखर्चाचा हिशेब पुढच्या सभेत मांडला जाईल, तरी सर्व भगिनींनी वेळेवर यावं.