वाघ्याचं कार्ड

आमच्या वाडीत कुत्र्याच्या लसीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं, "आज हाय, उद्या बिबट्या न्हेईल. त्याला कशाला लस?" जानेवारी 2019 मध्ये मी धनगरवस्तीवरून दीड महिन्याचं पिल्लू आणलं, तेव्हा माझे वडील, अण्णाही हेच म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. राजगड आणि तोरण्याच्या मधल्या आमच्या खोऱ्यात दारचं कुत्रं म्हातारं होऊन मेल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे.

हेच अण्णा पावसाळ्याच्या तोंडावर गुरांचे डॉक्टर आले की बैल, गाय, कालवड ओळीने बांधून ठेवायचे. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, एकही लस चुकवायची नाही. घटसर्पाने रात्रीतून गेलेला बैल त्यांनी पाहिला होता. बैल गेला तर चिखलणी अडते. कुत्रं गेलं तर दुसरं येतं. हिशोब सरळ होता.

मी मात्र त्या पिल्लाला, वाघ्याला, भोरच्या दवाखान्यात नेलं, कारण आठवडाभरात त्याची तिन्ही भावंडं रक्ताची हगवण लागून मेली होती. डॉक्टर म्हणाले, "हा पार्वो." त्यांनी आधी जंताचं औषध दिलं, मग पार्वो-डिस्टेंपरची लस. मार्चमध्ये रेबीजची पहिली टोचली, एप्रिलमध्ये दुसरी. पुढची तारीख एप्रिल 2020. निळं कार्ड मी कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवलं.

एप्रिल 2020 उजाडला तो टाळेबंदीतच. एसटी बंद. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि गोठ्याचे पत्रे शेजारच्या खाचरात जाऊन पडले. पत्रे झाले, मग भातलावणी आली, मग सुगी. पण ही सगळी कारणं फार तर त्या वर्षाची. 2021 साली एसटी सुरू होती, दवाखाना उघडा होता. तरी मी गेलो नाही. मनात एकच होतं, झालंय की एकदा.

भादव्यात कुत्री एकमेकांच्या मागे गावोगाव फिरतात. त्या भादव्यात दिवेलागणीला एक परकं कुत्रं वाडीत शिरलं. भुंकत नव्हतं. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. वाघ्या त्याच्या अंगावर गेला. अण्णा काठी घेऊन मध्ये पडले आणि त्यांच्या नडगीला दात लागला. पुढच्या घरच्या म्हशीच्या नाकाडाला चावून ते कुत्रं ओढ्याकडे गेलं. दुसऱ्या दिवशी तिथेच मरून पडलेलं सापडलं.

कोणी मिरची आणली, कोणी चुना. मी अण्णांना नळाखाली बसवलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणाने जखम धुतली. वाघ्याच्या मानेवरची जखमही मीच धुतली. ती धुताना लक्षात आलं, की भाताच्या पात्यांनी माझी बोटं कापलेली आहेत आणि त्यांवर त्याच मानेवरची लाळ आहे.

मग मी कार्ड काढलं. शेवटची नोंद, एप्रिल 2019.

सरकारी दवाखान्याच्या वाटेवर अण्णा एकच विचारत होते, "बेंबीभोवती चौदा घ्यावी लागतील का रं?" ते दिवस कधीच गेले. आता दंडात घेतात: त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. अण्णांच्या जखमेभोवती वेगळं सीरमही टोचलं, कारण लशीचा परिणाम सुरू व्हायला दिवस लागतात आणि तोवर विषाणूला तिथेच अडवावं लागतं. एकदा लक्षणं दिसली की या रोगावर उपाय नाही.

वाघ्याला पाच इंजेक्शनं लागली. कार्ड चालू असतं, तर लगेच एक बूस्टर देऊन त्याच्यावर लक्ष ठेवणं पुरलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. शिवाय त्याला सहा महिने वेगळं बांधून ठेवायला सांगितलं. दोन वेळा भोरला नेता आलं नाही, तेव्हा बर्फ भरलेल्या थर्मासमधून कुपी एसटीने आणली. ही लस दोन ते आठ अंशांत राहावी लागते आणि पावसाळ्यात आमच्याकडच्या फ्रिजचा भरवसा नाही. रोज त्याच्यापुढे भाकरी सरकवताना आई दाराची कडी धरून उभी राहायची. ज्या कुत्र्याच्या अंगावर तिचा नातू लोळायचा, त्याच्याकडे घर सहा महिने चोरून बघत होतं.

चौथ्या आठवड्यात शेजारची म्हैस पिसाळली. तिने वैरण सोडली, तोंडाला फेस आला, रात्रभर हंबरत राहिली आणि तीन दिवसांत गेली. तिचं दूध सात घरांत जात होतं. उकळलेल्या दुधाने धोका नसतो, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. तरी अर्धी वाडी लशीच्या रांगेत उभी राहिली. ते ओढ्यातलं कुत्रं पिसाळलेलंच होतं, याची खात्री आम्हाला म्हशीने दिली.

अण्णा, वाघ्या आणि मी वाचलो. त्यानंतर अण्णांनीच डॉक्टरांना विचारलं, "आता सगळंच दरसाल करायचं का?" मला त्यांचं उत्तर आवडलं, कारण त्यांनी सरसकट हो म्हटलं नाही. पार्वो-डिस्टेंपरची लस, लहानपणी आणि पहिल्या वर्षी नीट झाली असेल, तर मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांनी दिली तरी चालते, असं जगभरचे पशुवैद्य आता मानतात. लेप्टोची मात्र दरवर्षी घ्यावी. तो रोग येतो उंदीर आणि साचलेल्या पाण्यातून, म्हणजे आमची भातखाचरंच. आणि आपल्या भागात रेबीजला सुट्टी नाही.

जंतांचं त्यांनी सांगितलं, ते मला ठाऊकच नव्हतं. जत्रेत बोकड पडला की नको असलेली फोफसं-काळीज आम्ही कुत्र्यांपुढे टाकतो. त्यात पाण्याने भरलेले फोड असले, तर कुत्र्याच्या पोटात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात येतात, तिथून लेकरांच्या हाताला लागतात, आणि माणसाच्या यकृतात तसाच फोड वर्षानुवर्षं वाढत राहतो. आता जत्रेत तो ऐवज आम्ही मातीत पुरतो, आणि वाघ्याला दर तीन महिन्यांनी जंताची गोळी ठरली.

गोचिडाचा धडा चुलत्यांनी दिला. गुरांचं गोचिडाचं औषध त्यांनी अंदाजाने पाण्यात कालवून वाघ्याच्या अंगावर ओतलं. तासाभरात तो लाळ गाळत थरथरू लागला. बैलाचा आणि कुत्र्याचा डोस एक नसतो. पण औषध टाळणंही परवडणारं नाही. गोचीडतापाने हिरड्या पांढऱ्याफटक पडलेली कुत्री मी त्याच भोरच्या दवाखान्यात पाहिली आहेत.

2023 च्या हिवाळ्यात, पहाटे, वाघ्याला बिबट्यानेच नेलं. खिळ्यांचा पट्टा तेवढा बांधाला सापडला. अण्णा बराच वेळ तो हातात घेऊन बसले होते. "म्हणलं होतं ना," असं ते म्हणतील असं मला वाटलं. म्हणाले नाहीत. बिबट्याने नेलेल्या कुत्र्याबरोबर एकच जीव जातो. पिसाळलेलं कुत्रं घर धरतं, गोठा धरतं, शेजार धरतं. लस कुत्र्याच्या आयुष्यासाठी असते, असं आम्ही समजत होतो. ती आमच्या उंबऱ्यासाठी होती.

तुमच्या दारात कुत्रं असेल, मग ते पाळलेलं असो की भाकरीच्या आशेने आलेलं, तर त्याचं कार्ड आज काढून बघा. शेवटच्या तारखेला वर्ष उलटलं असेल, तर भादव्याची वाट बघू नका.

नव्या पिल्लाचं कार्ड अण्णांनी बैलांच्या कागदांच्याच पिशवीत ठेवलं आहे.