पाचाची मोजणी

नियमांचा अर्थ लावणे हे आमचे सेवाकाळातील नित्याचे काम. त्यामुळे २०२३ च्या हिवाळ्यात मुलाकडे अमेरिकेस गेलो असता नातीच्या यंत्रमानव स्पर्धेची जाडजूड नियमावली हाती पडली, तेव्हा जुना स्नेही भेटल्याचा आनंद आम्हांस झाला.

‘व्हेक्स’ नावाच्या या स्पर्धेत १२ फूट लांबी-रुंदीच्या मैदानावर दोन संघांची एक जोडी दुसऱ्या जोडीविरुद्ध उतरते. पहिले १५ सेकंद यंत्रे आपली आपण चालतात. पुढची १ मिनिट ४५ सेकंद मुले ती चालवतात. प्रतिस्पर्ध्यास अडवण्याची मुभा असते. पण त्याचे यंत्र कोंडून धरायचे ते पाच मोजेपर्यंतच. मग सुमारे दोन फूट मागे सरावे लागते.

नातीच्या यंत्राने अखेरच्या क्षणी समोरचे यंत्र कोपऱ्यात कोंडले आणि सामना थोडक्यात जिंकला. पाचाची मर्यादा उलटली, असे सांगून पंचांनी तिच्या संघाला त्या सामन्यापुरते अपात्र ठरवले. आमच्यातला अधिकारी जागा झाला. समोरचे यंत्र आपणहून कोपऱ्यात शिरले, मग कोंडण्याचा हेतू कसा सिद्ध होतो? मुलाच्या फोनवर चित्रफीतही होती. आम्ही तत्काळ अर्जाचा मसुदा लिहावयास घेतला.

नात म्हणाली, “आजोबा, मोठ्या माणसांनी पंचांशी बोलायचं नसतं. आणि ते व्हिडिओ बघत नाहीत.” नियमावलीत खरोखरच तसे होते. दाद मागायची ती यंत्र चालवणाऱ्या मुलांनीच. ती एका सवंगड्यासह गेली, मुख्य पंचांकडून नियमाचा क्रमांक समजून घेतला आणि परतली. “पाचाच्या पुढे गेलं होतं. मीच मोजलं नाही.”

“पण एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा?” आम्ही विचारले.

“आम्ही हरलो असतो तर नुसती ताकीद मिळाली असती. चुकीमुळे निकाल फिरला का, ते बघतात.”

आम्ही निरुत्तर झालो. फार वर्षांपूर्वी आमच्या हाताखालच्या एका कारकुनाची फाइल दोन दिवस उशिरा पुढे गेली होती. त्यात कोणाचे काही बिघडले नव्हते. नियमभंग झाला, एवढेच पाहून आम्ही त्याची वेतनवाढ रोखली. त्याचा हेतू आम्ही विचारला नाही आणि परिणामही तपासला नाही. टिप्पणी मात्र निर्दोष लिहिली होती! नातीवर प्रसंग येताच आम्हांस हेतू आठवला.

ते गृहस्थ आज कोठे असतील, ठाऊक नाही. मसुद्याचा कागद आम्ही घडी घालून खिशात ठेवला. पलीकडे नात पुढच्या सामन्याच्या तयारीस लागली होती. सवंगड्याने यंत्र पुढे नेले की ती मोठ्याने मोजी: एक, दोन, तीन, चार... आणि पाचाच्या आतच “मागे घे” म्हणे.