ताई, शेजारधर्माला कागद लागत नाही

प्रिय ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "तू कशाला त्या बंगाल्यांच्या भानगडीत पडतेस? उद्या पोलीस तुलाच बोलावतील." फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. छापायलाही देतेय, कारण हे विचारणारी तू एकटी नाहीस.

जानेवारी 2025 मध्ये सैफ अली खानवर हल्ला झाला, पकडलेला माणूस बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि तिथून धरपकडीला जोर आला. मे महिन्यात केंद्राने राज्यांना बांगलादेशी असल्याचा संशय असलेल्यांची 30 दिवसांत पडताळणी करायला सांगितलं. तेव्हापासून आमच्या बैंगनवाडीत रात्री दार वाजलं की अख्खी गल्ली जागी होते.

शेजारच्या भाभींच्या नवऱ्याला असंच नेलं. तो मुर्शिदाबादचा, जरीकाम करतो. भाभी प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या. आत आधार, मतदार कार्ड, रेशन कार्ड आणि गावाकडच्या जमिनीचा बंगालीतला कागद होता. मतदार कार्डावर 'एसके', आधारवर 'शेख'. बंगालमध्ये शेखचं लिखाण असंच होतं, पण इथे तेवढा फरक संशयाला पुरतो. झेरॉक्सवाल्याने रात्री शटर उघडलं आणि पैसे घेतले नाहीत. वरच्या माळ्यावरच्या पोराने गावच्या पंचायतीला फोन लावून व्हॉट्सॲपवर दाखला मागवला. आम्ही चार बायका चौकीबाहेर बसलो. मी आत जाऊन मराठीत एवढंच विचारलं, "साहेब, यांना कोणत्या कारणासाठी आणलंय, आणि कोर्टात कधी उभं करणार?" दुसऱ्या दिवशी दुपारी तो सुटला.

24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याची हमी संविधानाच्या 22 व्या कलमात आहे, आणि ती फक्त नागरिकांना दिलेली नाही. हे गल्लीतल्या सगळ्यांना आता पाठ झालंय.

एवढी घाई का, तर उशीर झाला की काय होतं ते जून 2025 मध्ये दिसलं. मिरा रोडहून उचललेला मुर्शिदाबादचा एक गवंडी सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात गेला आणि सीमेपलीकडे ढकलला गेला. कागद पाठवले होते, असं घरचे सांगत राहिले. पश्चिम बंगाल सरकार मध्ये पडलं, तेव्हा तो परत आला. तो भारतीयच होता. हे नवं नाही गं. जुलै 1998 मध्ये युतीचं सरकार असताना महाराष्ट्र पोलीस अशाच माणसांना कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने नेत होते, तेव्हा उलुबेरिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं. मला ती पद्धत पटत नाही, पण लोक त्या थराला का गेले ते कळतं.

तू म्हणशील, काही खरेच बांगलादेशी असतील. असतील, मी नाही म्हणत नाही. त्यांच्यासाठी कोर्ट आहे, वकील आहे, दोन देशांमधली रीत आहे. अंधारात सीमेवर सोडून येणं ही रीत नव्हे.

आता तुझ्याबद्दल. बाबा 72 च्या दुष्काळात जालन्याहून आले. तुझा जन्म 79 चा, शिवाजीनगरच्या खोलीतला, सुईणीच्या हातचा. तुझा जन्मदाखला नाही, माझाही नाही. जुनं रेशन कार्ड 26 जुलैच्या पुराच्या पाण्यात लगदा झालं. परदेशी नागरिकांच्या कायद्यात 1946 पासूनच नियम आहे की, आपण परके नाही हे ज्याच्यावर संशय त्यानेच सिद्ध करायचं. ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाने म्हटलं, आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती आहे एवढ्यावर माणूस नागरिक ठरत नाही. 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेला जन्मानेच नागरिक, हा कायदा तुझ्या बाजूचा. पण जन्म इथलाच हे दाखवणार कशाने? उशिरा दाखला काढायचा तर त्याचेही नियम 2025 मध्ये राज्याने कडक केले.

तरी तुझं दार कोणी वाजवत नाही. का, ते तुला ठाऊक आहे. तुझं आडनाव आणि तुझी मराठी ऐकली की साहेबाला पुढचा प्रश्न सुचत नाही. भाभींनी तोंड उघडलं की पहिल्याच वाक्याला प्रश्न सुरू. तीच मराठी मी त्या रात्री चौकीत घेऊन गेले, याला तू भानगड म्हणतेस. आई बाळंतपणात पडून होती तेव्हा महिनाभर ज्यांच्या घरून डबा यायचा, त्यांची जात नि गाव आईने विचारलं होतं का?

सध्या आम्ही शांतपणे कामं वाटून घेतली आहेत. प्रत्येक घराच्या कागदांच्या दोन प्रती काढून एक शेजारी ठेवायची. नावांतले फरक आत्ताच दुरुस्त करायला द्यायचे. विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाचा नंबर प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. अडतंय ते अर्जांवर. नाव दुरुस्तीचे, शाळेच्या दाखल्याचे, माहिती अधिकाराचे अर्ज मराठीत लिहायला माणूस कमी आहे, आणि माझं अक्षर तुला माहीत आहे.

रविवारी हार्बरची गाडी पकड आणि ये. पेन इथे आहेत, कोरे कागद तेवढे घेऊन ये.

तुझी धाकटी