पाण्यावर चालणारी गिरणी

माझे आजोबा मुंबईच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात कामाला होते. आम्ही त्यांना दादाजान म्हणत असू. आपले साचे पाण्यावर चालत, असे ते अभिमानाने सांगत. लहानपणी मला या बोलण्याचे फार नवल वाटे. मुंबईच्या गिरण्यांची उंच धुराडी मी पाहिली होती. पण एकाही गिरणीच्या दारात नदी नव्हती. पुढे मी शिक्षक झालो, हिंजवडीला राहायला आलो आणि दादाजानच्या बोलण्याचा अर्थ मला याच मुळशी तालुक्यात सापडला.

पाण्याच्या जोरावर यंत्र चालवण्याची कला जुनी आहे. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की आहे. दूरच्या डोंगरातले पाणी नळांतून तेथे आणले होते. त्या पाण्याच्या धारेने मोठे जाते फिरे आणि तेथे राहणाऱ्या फकिरांसाठी पीठ दळले जाई.

जे पाणी जाते फिरवते, ते चातीही फिरवू शकते. इंग्लंडमध्ये रिचर्ड आर्कराइट याने १७७१ साली क्रॉमफर्ड या गावी पाण्याच्या चाकावर चालणारी सूतगिरणी उभारली. आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदी गोकाक येथे सुमारे ५२ मीटर उंचीवरून खाली कोसळते. या धबधब्याच्या बळावर १८८७ साली तेथे कापसाची गिरणी सुरू झाली.

पण अशा गिरणीला नदीच्या काठीच जावे लागते. मुंबईत बंदर होते, बाजार होता, कामगार होते. धबधबा मात्र नव्हता. म्हणून तेथल्या गिरण्या कोळसा जाळून वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि धुराने सारे आकाश काळवंडून जाई.

यावर विजेने उपाय काढला. नदी गिरणीपर्यंत नेता येत नाही. पण नदीचे बळ तारेतून नेता येते. सह्याद्रीवर पाऊस मुसळधार पडतो, पण तो चारच महिने. ते पाणी धरणात साठवायचे आणि मोठ्या नळांतून घाटाखाली सोडायचे, अशी योजना जमशेटजी टाटा यांनी मनात धरली होती. १९०४ साली ते वारले. त्यांच्या मुलांनी ती योजना पुरी केली. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला आले आणि १९१५ साली तेथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

विजेची मागणी वाढली, तेव्हा टाटा कंपनीची नजर मुळशीकडे वळली. येथे मुळा आणि नीळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले. त्या खोऱ्यात सुमारे पन्नास गावे होती. आंबेमोहोर तांदळासाठी ते प्रसिद्ध होते. घरे, देवळे, भाताची खाचरे सारे पाण्याखाली जाणार, हे कळताच मावळे शेतकरी उठले. १९२१ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांनी या लढ्याचे नेतृत्व केले, तुरुंगवास भोगला आणि लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. पण पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. पैसे घेऊन मोकळे व्हावे, असे त्या सावकारांना वाटले. लढा दुबळा झाला आणि धरण पुरे झाले. १९२७ साली भिरा येथील वीजघर सुरू झाले.

दादाजानचे साचे याच सह्याद्रीच्या पाण्यावर चालत होते. त्या मजुरीवर आमचे कुटुंब वाढले, माझे वडील शिकले, मी बी.एड. झालो. म्हणून धरण बांधणाऱ्यांना नुसता दोष देणे मला जमत नाही. पण ज्या पाण्याने आमच्या घरची चूल पेटवली, त्याच पाण्याखाली दुसऱ्यांच्या चुली विझल्या, हेही मला विसरता येत नाही. विजेचे दिवे मुंबईत लागले. ज्यांची शेते बुडाली, त्यांच्या झोपड्यांत रॉकेलची चिमणीच राहिली.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या एकेक करून बंद पडल्या. साचे भंगारात गेले. भिऱ्याची चाके मात्र आजही फिरत आहेत. हिंजवडीत आता संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. तेथेही पूर्वी शेतेच होती. प्रगती हवी, यात शंका नाही. पण तिची किंमत एकाने मोजायची आणि फळ दुसऱ्याने खायचे, हा न्याय नव्हे.

मुलांनो, नकाशात मुळा नदी शोधा. ती मुळशीहून पूर्वेकडे, पौडवरून आपल्या बाजूला येते. तिचे पाणी पुढे भीमेला आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. आता भिरा शोधा. ते मुळशीच्या पश्चिमेला, घाटाखाली कोकणात आहे. धरणातले पाणी तिकडे वळवले जाते आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्रात जाते. मुळशीपासून भिऱ्यापर्यंत पेन्सिलीने एक रेषा ओढा. ही रेषा निसर्गाने काढलेली नाही, माणसाने काढली आहे. ती काढताना कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, हे आपल्या वहीत दोन रकान्यांत लिहा.